माळ्यापुरता उजेड

पांगारवाडीच्या अंगणवाडीचा माळा अंधारा होता आणि त्याबद्दल कोणत्याही पातळीवर तक्रार नव्हती. हिर्डोशीच्या पुढे, वरंधा घाटाच्या अंगाला पाऊस असा लागतो की जमिनीवर ठेवलेल्या पोत्याला बुरशीची दाढी येते. म्हणून मुलांच्या खिचडीचा शिधा माळ्यावरच ठेवावा, असा तालुक्याच्या साठवण कक्षाचा आदेश होता. माळ्याला एक झरोका होता, तो माकडं येतात म्हणून विटांनी बुजवला. दिवा लावावा, तर कागदोपत्री माळा ही खोली नव्हती, छपराचा आतला भाग होता. आणि छपराला वीजजोडणी देता येत नाही. थोडक्यात, अंधार नियमाला धरून होता.

या अंधारात रोज चढायचं काम स्वप्नालीचं. ती मदतनीस, अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालेली, पण त्याचा शिडीवर उपयोग होत नसे. एका हातात शिडी, दुसऱ्यात पातेलं, आणि खाली फळ्यांच्या फटींखाली गाणी म्हणणारी मुलं. त्यांत तिची तीन वर्षांची शेफाली. पोरीला शिंक आली तरी स्वप्नाली दोन्ही घरांतल्या खानदानी सर्दीचा इतिहास आठवायची. अशा बाईच्या हाताला एके दिवशी तूरडाळीच्या पोत्यामागं काहीतरी लागलं, सरकलं आणि फुस्स झालं. कुकरचं म्हणावं, तर कुकर खाली होता.

ती रिकामं पातेलं घेऊन उतरली. "साधनाताई, वर जनावर आहे."

सेविका साधनाताई सरकारी मोबाईलसमोर एकेक मूल धरत होत्या. ॲपला रोज प्रत्येकाचा चेहरा लागे, आणि नाक पुसलेली शेफाली त्याला दुसरीच मुलगी वाटे.

"उंदीर असंल."

"उंदीर फुसकारतो का?"

"मग आवाज दे नि चढ. जनावर बी माणसाला भितंच की."

"जरा तुमच्या मोबाईलचा उजेड द्या."

"ह्याचा? चार्जिंग उतरलं तर चेहरे कशात घेऊ? तुजा हाय की."

स्वप्नालीने आपला मोबाईल दातांत धरून चढायचा प्रयत्न केला. तिसऱ्या पायरीवर गालाने सासूबाईंना फोन लागला, आणि पुढचा सगळा वेळ सासूबाई "कुठं पडलीस, बोल की" असं विचारत राहिल्या.

संध्याकाळी सासऱ्यांनी, गेनबांनी, मेंढरं वाड्यात कोंडता कोंडता निकाल दिला. "बॅटरी घे. आन् त्याचं नाव घेऊ नगंस. नाव घेतलं की ते घर धरतंय." इकडे हातातल्या दिव्याला बॅटरीच म्हणतात, आत घालतात ते सेल. आणि 'त्याला' जनावरच म्हणतात.

बाजारच्या दिवशी सून आणि सासरे एसटीने भोरला गेले. दुकानात बॅटऱ्यांची रांगच होती. एकीत सायरन होता, एकीत रेडिओ, एकीच्या मागून पंखा फिरत होता. एकीचा उजेड डोंगराच्या पलीकडं पडतो, असं दुकानदार म्हणाला.

"मला पलीकडं नाही बघायचं," स्वप्नाली म्हणाली. "पोत्यामागं बघायचंय. लहान पाहिजे, पण लख्ख."

"रेडिओवाली घे," गेनबा म्हणाले. "बातम्या तरी लागतील."

"आबा, माळ्यावर बातम्या कोण ऐकणार?"

"ते जनावर ऐकंल. कटाळून जाईल निघून."

शेवटी तिने बोटाएवढी एक उचलली आणि दातांत धरून पाहिली. दुकानदार म्हणाला, "ताई, चाखून घ्यायचा माल न्हाई हा." पण बॅटरी दातांत नीट बसली, दोन्ही हात मोकळे राहिले आणि दुकानाच्या कोपऱ्यातल्या कोळ्याचे पाय मोजता येतील असा पांढरा उजेड पडला. स्वप्नालीला पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती शिडीला हात लावते तोच साठवण कक्षाचे कुमारसाहेब पाहणीला आले. मऊ बोलणारा, स्वच्छ रुमालाचा माणूस. बॅटरी पाहून त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला.

"ही कुठून आली?"

"माझी आहे, साहेब. स्वतःच्या पैशाची."

"तिथंच घोटाळा आहे. खाजगी उजेड सरकारी धान्यावर पाडता येत नाही. उद्या डाळ कमी भरली, तर ती कोणाच्या उजेडात कमी झाली?"

"आणि अंधारात कमी झाली तर?"

"अंधार शासकीय आहे," कुमारसाहेब म्हणाले. त्यांनी बॅटरी पाकिटात घातली, पाकिटाला लाख लावली आणि कपाटात ठेवून चावी खिशात टाकली. "रीतसर मागणी करा. शासन आईच्या जागी असतं."

स्वप्नालीने रीतसर अर्ज केला. सासऱ्यांचा शब्द मोडवेना, म्हणून लिहिलं : 'माळ्यावर जनावर असल्याचा संशय असून, रोजच्या कामासाठी एक लहान, प्रखर बॅटरी मिळावी.'

तालुक्याला या अर्जाचे दोन भाग झाले. जनावराचा भाग जनावरांच्या खात्याकडे गेला. तिकडून एक कर्मचारी चिखल तुडवत आला आणि शिडीखाली उभा राहिला.

"गाय का म्हैस?"

"तुमीच बघा," साधनाताई म्हणाल्या. "म्हैस शिडी चढती का तुमच्याकडं?"

"चढलं कसं, हा माझा विषय नाही. माझ्याकडं कानाला बिल्ला मारायचं काम आहे. खाली आणा."

"त्याला कान नसतात," स्वप्नाली म्हणाली.

त्याने बराच विचार केला. "मग कान नसल्याचा दाखला लागेल," म्हणाला, आणि चहा घेऊन गेला.

बॅटरीचा भाग मात्र तत्परतेने मंजूर झाला. एका दुपारी टेम्पो आला आणि चार माणसांनी कण्हत कुंथत ती उतरवली. काळी, चौकोनी, ॲसिडने भरलेली, इन्व्हर्टरला लावतात ती. पुरवठादाराने 'लहान' या शब्दाचा मान राखला होता. हिच्याहून मोठी ट्रकची असते. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं की ही वस्तू कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. साऱ्या केंद्रात अशी जागा एकच होती. माणसांनी चाचपडत ती माळ्यावर चढवली. वर काहीतरी फुस्सलं, तशी ती त्यांनी जिथं होती तिथं टाकली आणि माणसं शिडीच्या पायऱ्या न मोजता उतरली. फळी करकरली. खाली शेफाली 'ये ग ये ग सरी' म्हणत होती.

आता मुलांच्या डोक्यावर जनावरही होतं आणि ॲसिडही. त्या दिवसापासून स्वप्नाली मुलांना भिंतीला चिकटवून बसवू लागली. त्यावर ॲपने आक्षेप घेतला, कारण फोटोत मागे पोषणाचा तक्ता यायला हवा आणि तक्ता बरोबर त्या करकरत्या फळीखाली होता.

ती स्वतः तालुक्याला गेली. कुमारसाहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बॅटरी म्हणजे ती नव्हे, साहेब. हातात धरतात ती."

"मग शुद्ध मराठीत लिहायचं. तुम्ही शिकलेल्या. विजेरी म्हणतात तिला."

"विजेरी द्या."

कुमारसाहेबांनी खरेदीची यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली. "विजेरी यादीत नाही," ते खऱ्या दुःखाने म्हणाले. "यादीत बॅटरी आहे. ती तुम्हाला दिली."

तरीही शासन आईच्या जागी असल्यामुळे विजेरी-निवड समिती नेमली गेली. नमुने मागवले. विजेरीची परीक्षा अंधारात घ्यावी, असं एका सदस्याने सुचवलं; पण अंधार पडतो तेव्हा कार्यालय सुटलेलं असतं. म्हणून परीक्षा भर दुपारी, कार्यालयाच्या अंगणात झाली. उन्हात सगळ्या विजेऱ्यांचा उजेड सारखाच दिसला. तेव्हा वजन हाच एक निःपक्षपाती निकष उरला, आणि सगळ्यांत जड विजेरी एकमताने निवडली गेली.

ती येईपर्यंत पांगारवाडीत एक गोष्ट घडली. मुलं खिचडी खात असताना फटीतून काहीतरी पांढरं, कागदासारखं तरंगत आलं आणि शेफालीच्या ताटलीत पडलं. कात होती. हाताएवढी लांब, ओलसर. शेफालीने ती घासाबरोबर उचललीही होती. स्वप्नालीने तिच्या तोंडात बोटं घालून घास काढला.

तिने साहेबांना फोन केला. "साहेब, एखादा सर्पमित्र पाठवा."

"त्याच्यासाठी आधी सर्प लागतो. तो नोंदीवर नाही."

"कात पडलीय ताटात."

"कात टाकली म्हणजे तो गेला. कात हा सापाच्या अनुपस्थितीचा पुरावा आहे. जपून ठेवा."

अखेर विजेरी आली. शिडीला फीत बांधली. सरपंच मानसिंगराव फेटा बांधून आले. लावणीचे दिवस असूनही आया चिखलाच्या पायांनी दारात उभ्या राहिल्या. मानसिंगरावांनी फीत कापली आणि अंधार हा विकासाचा शत्रू असल्याचं सांगितलं. विजेरी नारळाच्या गोणीसारखी जड होती. स्वप्नालीने ती ओढणीने गळ्यात बांधली.

"चढा, ताई," कुमारसाहेब मोबाईल रोखून म्हणाले. "उजेड पाडा."

तिने पाडला. इतके दिवस जे नुसतं हाताला आणि नाकाला लागत होतं, ते सगळं एकदम समोर आलं. कुरतडलेली पोती, तांदळातल्या लेंड्या, कलंडलेली काळी बॅटरी, तिच्याखाली ॲसिडने खाल्लेली फळी. आणि पोत्याच्या कडेला, फणा काढून, तो. स्वप्नालीने मान खाली वळवली आणि पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं.

"नाग आहे. साधनाताई, पोरं बाहेर काढा."



"खात्री आहे?" कुमारसाहेबांनी विचारलं.

"माझ्याकडं बघतोय."

"असं बोलू नका. माळ्यावर साप आढळला असं लिहिलं की केंद्र बंद. शिधा बंद. पुढं चौकशी."

'बंद' हा शब्द दारातल्या आयांपर्यंत पोचला. बाळाबाई पुढं झाली. तिची दोन नातवंडं तक्त्याखाली बसली होती. "स्वप्ने, बंद झालं तर लावणीच्या टायमाला पोरं कुणाच्या गळ्यात बांधू? इतकं दिस व्हताच की तो. काय केलं का त्यानं? इझव ती बॅटरी."

"इझव बाई," आणखी दोघी म्हणाल्या.

"लोकभावना आहे," मानसिंगराव फेटा सावरत म्हणाले.

स्वप्नालीने विजेरी विझवली. ती खाली आली, शेफालीला कडेवर घेतलं, बाळाबाईच्या दोन्ही नातवंडांचे हात धरले आणि भर पावसात समोरच्या देवळात जाऊन बसली. बाकीची मुलं, गंमत आहे असं वाटून, तिच्यामागं पळाली.

त्या दिवशीची नोंद 'क्षेत्रभेट' अशी झाली. दुसऱ्या दिवशीही ती देवळातच बसली, तेव्हा तिला नोटीस आली. कक्षाने प्रकरणाचा सखोल अभ्यास करून निष्कर्ष काढला की विजेरी येण्यापूर्वी केंद्रात सापाची एकही नोंद नव्हती. सबब साप विजेरीमुळे उद्भवतो. विजेरी परत मागवली. मुलं देवळात, मदतनीस गैरहजर, शिधा नागाच्या राखणीत, केंद्र सुरळीत चालू. खिचडीचे तांदूळ स्वप्नाली घरून आणते, आणि गेनबा म्हणतात, "म्या म्हनलं व्हतं, नाव घेऊ नगंस."

कार्यक्रमाचा फोटो मात्र फार छान आला. शिडीवर तरुण आई, मागं लख्ख प्रकाश, आणि आपल्याकडे वळून उघडलेलं तिचं तोंड. खाली ओळ होती : 'माळ्यावर प्रथमच उजेड पाहून भारावलेली मदतनीस.' तो फोटो तुमच्याही गटावर आला होता. तुम्ही टाळ्या वाजवणारे हात पाठवलेत आणि पुढं सरकवलात. बोटांनी जरा मोठा केला असतात, तर मागच्या कौलांवर पडलेली फण्याची सावली स्वच्छ दिसली असती.