थर्लबीच्या शेतातली तलवार

गंजक्या लोखंडाच्या बाबतीत माझी नजर चुकत नाही! आमच्या लिंकनशरच्या क्लबातले बाकीचे लोक मेटल डिटेक्टरवर लोखंडाचा आवाजच बंद करून फिरतात. त्यांना नाणी हवीत. मी मात्र लोखंडाचं वय नुसत्या वासावरून सांगतो.

त्या मंगळवारी थर्लबी नावाच्या शेतकऱ्याच्या खालच्या शेतात मशीन कण्हलं. वीतभर खणलं, तर हातभर लांब पातं! एका बाजूला धार, टोकाला बाक. घरी आणून खोक्यात ठेवलं. वर लेबल:

लोखंडी पातं. बहुधा तलवार.

"मूठ कुठाय?" बायकोने, मॉरीनने, विचारलं.

"लाकडाची होती. कुजली."

"सोयीस्कर कुजली!"

बुधवारी थर्लबीचा फोन. "सेड्रिक, घात झाला रे! रविवारी नांगरणीची स्पर्धा, आणि आजोबांच्या नांगराचं पुढचं पातं सरावात पडलं. खालच्याच शेतात. मशीन घेऊन ये. शोधून दिलंस तर मठाजवळच्या शेतात तुला परवानगी!"

शेकडो वर्षं जुन्या मठाजवळचं शेत! तिथे थर्लबीने तीस वर्षांत क्लबातल्या कुणाला पाय ठेवू दिला नव्हता. मी निम्मा चहा टाकून धावलो.

दोन दिवस आम्ही दोघांनी शेत विंचरलं. मिळाले बिअरचे चार डबे आणि घोड्याचा नाल.

"मशीन बरं आहे ना?" थर्लबी.

"मशीन उत्तम! पातंच नाहीये इथे!"

"म्हणजे कुणी पळवलं?"

"अहो, लोक काय वाटेल ते उचलतात हल्ली!"

घरी येऊन लेबल सुधारलं:

~~लोखंडी पातं. बहुधा तलवार.~~
सॅक्सन तलवार. सरदाराची.

आता, सापडलेल्या वस्तूत निम्मा वाटा जमीनमालकाचा. मी नियमाचा माणूस. शुक्रवारी गावच्या हॉलात 'महिन्याचा शोध' मांडायचा होता, तेव्हा थर्लबीला मुद्दाम बोलावलं. निळ्या मखमलीवर तलवार ठेवली.

थर्लबी वाकला. चष्मा पुसून पुन्हा वाकला.

"हजार वर्षं!" मी म्हणालो.

"शंभर," तो म्हणाला. "ही खाच माझ्या आजोबांनी पाडलीय."

हॉलात कुणीतरी बिस्किट चावलं, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"दोन दिवस माझ्याबरोबर तू हेच शोधत होतास?"

"...हो."

"आणि हे होतं कुठे?"

"आमच्या फ्रीजशेजारी," मॉरीनने सांगून टाकलं.

~~सॅक्सन तलवार. सरदाराची.~~
थर्लबी यांचं.

रविवारी थर्लबी स्पर्धेत दुसरा आला. सरी ताणलेल्या दोरीसारख्या सरळ! मी लांब कुंपणापाशी उभा होतो. तो चालत माझ्याकडे आला.

"पातं शेवटी तुझ्या मशीननेच काढलं. मी शब्द पाळतो. पण मठाजवळ मशीन मॉरीन धरेल. तू फक्त खणायचं. आणि जे निघेल, ते काय आहे हे तू सांगायचं नाही!"

काल तिथे पहिलीच वस्तू लागली. गंजलेली, वाकडी. मी बघताक्षणी ओळखली, हं!

पण मला बोलायची परवानगी नाही.