म्हातारी मुलगी शुक्रवारी पायरी उतरते

"आधी माझं वर्णन लिहून घे," हे म्हणाले. "उंच, करारी, भेदक नजरेचा अन्वेषक. ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं गुन्हेगार पोपटासारखे बोलू लागतात."

मी लिहून घेतलं. उंची माझ्याएवढीच आहे. नजर भेदक आहे, पण चष्मा सापडल्यावर. आणि खाकरणं म्हणाल तर दिवसभर दुकानात गंजलेली कुलपं घासल्यावर कुणीही खाकरेल. कुलूप-किल्ल्यांची दुरुस्ती हा आमच्या ह्यांचा पोटाचा धंदा, आणि शोधकार्य हा डोक्याचा. मी त्यांची सहायक. त्यासाठी अर्ज वगैरे करावा लागला नाही, लग्नातच ते काम पदरात पडलं.

त्या बुधवारी संध्याकाळी मोठ्या जाऊबाई आल्या. त्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागात एकोणीस वर्षं चादरी दाबण्याच्या यंत्रावर आहेत. ओल्या चादरीचं टोक यंत्रात असं सरकवतात की दुसऱ्या बाजूनं ती कागदासारखी सपाट बाहेर येते. एरवी दारातूनच हसत येणारी बाई, आज थेट खुर्चीत बसली आणि एक चिठ्ठी पुढे केली.

"विभागाच्या फळ्यावर लावलं होतं. मी फाडून आणलं. इंग्रजीत आहे."

हे खाकरले आणि वाचू लागले. "ओल्ड गर्ल स्टेप्स डाउन फ्रायडे. न्यू वन टेक्स ओव्हर मंडे. स्मॉल वन टू स्टँड इन."

"शब्द मलाही कळतात," जाऊबाई म्हणाल्या. "म्हातारी म्हणजे मी. नवी कुणीतरी येणार. आणि ती छोटी म्हणजे गेल्या आठवड्यात लागलेली बुटकी बाई. भावजी, मला काढतायत."

"वहिनी, इतकं सरळ असतं तर माझी गरज काय होती?" असं म्हणून ह्यांनी कपाटावरून शब्दकोश काढला.

या शब्दकोशाबद्दल सांगायला हवं. तो रद्दीतून आणलेला आहे आणि एम अक्षराशी संपतो. पुढची पानं कुणाच्या तरी शेंगदाण्यांबरोबर गेली. त्यामुळे ह्यांचं इंग्रजी निम्म्या वर्णमालेपर्यंत अचूक आहे.

"डाउन सापडलं, म्हणजे खाली. इन सापडलं, म्हणजे आत. स्टेप आणि स्टँड नाहीत, पण स्टेप म्हणजे पायरी आणि स्टँड म्हणजे उभं राहणं, एवढं मला तोंडपाठ आहे." ह्यांचा आवाज खाली गेला. "शुक्रवारी एका म्हाताऱ्या मुलीला पायऱ्यांवरून खाली नेणार. बुटकी बाई कशाच्या तरी आत उभी राहून पाळत ठेवणार. आणि सोमवारी टेक ओव्हर! टेक म्हणजे घेणे, ओव्हर म्हणजे वरून. भिंतीवरून उचलून नेणार! वहिनी, हे अपहरण आहे."

"माझं वजन माहितेय का तुम्हाला?" जाऊबाई म्हणाल्या.

"म्हणूनच शुक्रवार ते सोमवार इतका वेळ ठेवलाय."

मी चहा ठेवायला उठले. परत आले तेव्हा जाऊबाई डोळे पुसत होत्या. अपहरणाची भीती त्यांना अजिबात नव्हती. "एकोणीस वर्षांत एक चादर जाळली नाही मी. कुणी हात धरून बाहेर काढायच्या आत आपल्या पायांनी गेलेलं बरं. भावजी, राजीनामा लिहून द्या. इंग्रजीत द्या. त्यांना कळू दे, आपल्यालाही येतं."

मी म्हटलं, "ताई, आधी मॅनेजरबाईंना विचारा तरी."

"विचारून काय, तोंडावर ऐकून घेऊ?"

मग हे लिहायला बसले. राजीनाम्याचा शब्द आर अक्षरात असतो, म्हणजे शेंगदाण्यांबरोबर गेलेला. "लीव्ह" होता, पण त्याचा अर्थ रजा असाही होतो, गैरसमज नको. शेवटी ह्यांनी विचार केला, माझी जागा भरून घ्या, एवढंच तर सांगायचंय. भरणे म्हणजे फिल. जागेच्या आत भरायचं, म्हणून इन. मोठ्या वळणदार अक्षरात वाक्य उतरलं, "फ्रॉम फ्रायडे आय फिल इन माय प्लेस." जाऊबाईंनी सही केली. सही करताना पेन दोनदा थांबलं, ते मी पाहिलं.

गुरुवारी सकाळी तो कागद मॅनेजरबाईंच्या टेबलावर गेला. दुपारी आम्ही दोघं धुलाई विभागात पोचलो. चादरींच्या कपाटाचं कुलूप बिघडलंय, ते बघायला दीर आलेत, असं जाऊबाईंनी सांगून ठेवलं होतं. आत वाफ, ओल्या कापडाचा वास, आणि मधोमध ते अवाढव्य यंत्र धापा टाकत होतं. तीन पावलांवर उभ्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागे.

हे थेट कपाटाशी गेले. "स्टँड इन! आत उभं राहायला एवढी एकच जागा आहे. बुटकी बाई मावते का, ते मोजायला हवं."

"तुम्ही बुटके नाही," मी म्हटलं. "वर्णनात उंच लिहून घेतलंय."

पण हे गुडघे वाकवून आत शिरले. तेवढ्यात ती नव्यानं लागलेली बुटकी बाईच उशांच्या अभ्र्यांचा डोंगर घेऊन आली. डोंगराआड तिला काहीच दिसत नव्हतं. तिनं अभ्रे आत ढकलले, दार लोटलं आणि किल्ली फिरवली. मी ओरडले, पण यंत्रापुढे माझा आवाज कुठला पोचतोय! शहरातलं कुठलंही कुलूप उघडणारा माणूस आतून दार बडवत होता, कारण किल्लीचं भोक फक्त बाहेरून होतं.

मी बाईचा दंड धरून तिला वळवलं. तिनं दार उघडलं. डोक्यावर अभ्रा आणि हातात चिठ्ठी अशा अवस्थेत आमचे अन्वेषक बाहेर पडले.

"सापडलीस!" हे म्हणाले.

"सापडलात तुम्ही," ती म्हणाली. "आणि ही फळ्यावरची चिठ्ठी तुमच्याकडे कशी?"

जाऊबाई पुढे झाल्या. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, त्यांनी सगळं सांगून टाकलं. बाईनं चिठ्ठी एकदाच वाचली.

"हे शब्द मला चांगले ओळखीचे आहेत," ती म्हणाली. "मी आधी टेलिफोनच्या बोर्डावर होते. तिथं मला फेज आउट केलं. म्हणजे दाताला कीड लागते तसं, रोज थोडं थोडं काम कमी करत काढलं. मग टायपिंगला लागले, तिथं कॉम्प्युटरनं टेक ओव्हर केलं. म्हणजे माझ्या जागी तो बसला, आणि त्याला चहाही लागत नव्हता. मग एकीच्या बाळंतपणात सहा महिने स्टँड इन होते. म्हणजे खुर्ची मिळते, पण पाठ टेकायची नाही. स्टेप डाउन मात्र कधी केलं नाही. ते मानानं पद सोडणं साहेबलोक करतात. आमच्यासाठी कुणी पायऱ्या ठेवत नाही, थेट दार दाखवतात."

"मग ही म्हातारी मुलगी कोण?" ह्यांनी विचारलं.

तिनं धापा टाकणाऱ्या यंत्राकडे बोट केलं. "ती. शुक्रवारी बंद करणार, सोमवारी नवी येणार. तोवर कोपऱ्यातली ती छोटी मशीन काम ओढणार. चिठ्ठीच्या खालच्या टोकाला यंत्रदुरुस्तीवाल्याची सही होती, ती तुम्ही फाडून आणलीत तेव्हा तिथंच राहिली."

"पण यंत्राला कुणी म्हातारी मुलगी म्हणतं का?" जाऊबाई म्हणाल्या.

"ताई, माणसाला काढताना एवढ्या लाडानं लिहीत नाहीत. तिथं नुसता खेद असतो. लाड फक्त यंत्राचे होतात."

जाऊबाई अभ्र्यांच्या ढिगावर बसल्या. बुटक्या बाईला म्हणाल्या, "आठ दिवस मी तुला चादरीचं टोक कसं धरायचं तेसुद्धा सांगितलं नाही. मुद्दाम."

"कळलं होतं. मी लांबून बघत होते. डावा अंगठा आत घेता ना?"

जाऊबाईंनी डावा अंगठा आत घेऊन दाखवला. मग एकदम उठल्या. "अगं बाई, राजीनामा!"

आम्ही चौघं मॅनेजरबाईंच्या खोलीत शिरलो, तर त्या कागद हातात घेऊन हसत होत्या. जाऊबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"मी तुम्हालाच बोलावणार होते," मॅनेजरबाई म्हणाल्या. "मोठी मशीन तीन दिवस बंद. छोटीवर निम्मंही काम होणार नाही. बाकीचं हातानं कोण भरून काढणार, या काळजीत होते. कुणाला विचारावं ते ठरत नव्हतं. आणि तुम्ही आपण होऊन लिहून देता, शुक्रवारपासून मी भरून काढीन! इंग्रजी जरा वाकडं आहे, पण मन सरळ आहे. सोमवारी नवी मशीन आली की चालवायला आधी तुम्हीच शिकायचं. सोबत कोण हवं?"

जाऊबाईंनी मागे न बघता बुटक्या बाईचा हात धरला.

घरी परतताना हे सांगू लागले, "लिही. अन्वेषकानं योग्य क्षणी योग्य शब्द योजून..." मी वही पिशवीत टाकली आणि भाजी घ्यायला थांबले.

रविवारी रात्री जाऊबाईंचा फोन आला. तीन दिवसांत दोघींनी मिळून हातइस्त्रीनं शेकडो चादरी काढल्या होत्या.

"खांद्यापासून हात भरून आलेत," त्या म्हणाल्या. "भावजींना म्हणावं, पुढचा राजीनामा मराठीत लिहा."