अकरा टाक्या आणि बारावा आलेख

तांडेलकाका आलेख वाळत घालायचे. खरंच सांगतोय! बोईसरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात अकरा टाक्या. दर महिन्याला प्रत्येकीच्या तापमानाचा एक आलेख. चिंचणीला बोंबील टांगतात तसे काका ते कागद प्रयोगशाळेत दोरीवर ओळीनं टांगायचे आणि मग सुईदोऱ्यानं एकत्र शिवायचे. टाचणीवर विश्वास नाही. का म्हणून विचारलं, की ठरलेलं उत्तर, "सुटा बोंबील कावळा नेतो."

पुढे कॉम्प्युटर आला. पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ हट्टानं प्रोग्रॅम लिहायला शिकला. ध्यास एकच, बाराही आलेख एका फाइलीत भरायचे नि एका दमात छापायचे.

"काका, टाक्या अकराच ना?"

"बारा," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी नाद सोडला.

प्रोग्रॅम तयार झाला. मोठे साहेब बघायला आले. प्रिंटर करकरला आणि एकच पान बाहेर पडलं. अकरा आलेख गायब! उरला तो शेवटचा. रेघ चारावरून दोनावर, दोनावरून एकावर, आणि मग तीन महिने सपाट शून्य.

साहेब कडाडले, "ही कुठली टाकी? बंद पडलीय आणि मला कुणी सांगत नाही?"

काकांचा चेहरा उतरला. "टाकी नाय साहेब. आमचा पोरगा हाय, राजू. मस्कतला असतो. महिन्याला किती पत्रं आली, ते मांडलंय."

साहेबांनी ते पान काकांच्या हातात परत दिलं. "फाइल उद्या द्या," एवढं पुटपुटून निघून गेले.

चूक साधी होती. फाइल उघडायची ओळ काकांनी प्रत्येक आलेखासाठी पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात लिहिली होती. दर वेळी फाइल नव्यानं उघडे आणि आधीचं सगळं पुसलं जाई.

"म्हंजे नवं आलं का जुनं पुसायचं?" काका हसले. "आमच्या राजूनंच शिकवलं वाटतं याला!"



ती ओळ मी वर नेली, फाइल एकदाच उघडेल अशी. बारा पानं एकाला एक जोडून सरसर बाहेर आली. साहेबांना अकराच द्यायची, म्हणून शेवटचं पान मी फाडायला घेतलं.

काकांनी माझा हात घट्ट धरला.

"फाडू नको रे. सुटा बोंबील..."

आणि त्यांनी खिशातून सुईदोरा काढला.