देव पाण्यात, गोल जाळ्यात

वजनमापे महामंडळाचा फुटबॉल संघ खडू महामंडळाकडून एक विरुद्ध शून्य असा हरला, ही बाब सोमवारी सकाळपर्यंत तारनाक्याच्या वसाहतीत सर्वांच्या निदर्शनास आली होती. गोल अगदी शेवटच्या मिनिटाला झाला. भगवंतराव टोके यांच्या मते तोवर आपला संघ जिंकतच होता. गोल तेवढा व्हायचा राहिला होता.

भगवंतराव महामंडळात वरिष्ठ लिपिक आणि संघाच्या समर्थक मंडळाचे चिटणीस. त्यांनी जन्मात कधी चेंडू लाथाडला नव्हता. चुकून पाय लागलाच तर ते त्याला नमस्कार करत. पराभवाचे चिंतन मात्र त्यांच्यासारखे कोणी करू शकत नसे. रविवारी संध्याकाळपासून ते आरामखुर्चीत पडून तेच करत होते. गोलरक्षकाच्या डोळ्यांवर ऊन आले. पंचांचा चेहराच मुळात खडूसारखा पांढरा. शिवाय नव्या आर्थिक धोरणात बूट परदेशी आले, आणि त्या बुटांना इथल्या मातीचा काही अनुभव नव्हता.

"चिंतन आटोपलं असेल तर जरा देवांचं बघता का?" कुसुमताई स्वयंपाकघरातून हळूच म्हणाल्या. त्या कधी आवाज चढवत नसत; त्यामुळे घरात त्यांचा धाक होता.

खरी अडचण तीच होती. सामन्याच्या दिवशी, सकाळची पूजा उरकल्यावर, भगवंतरावांनी विजयासाठी देव पाण्यात ठेवले होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, शाळिग्राम, सगळे पितळी घंगाळात. मनातली इच्छा पुरी झाली की बाहेर काढायचे, अशी रीत. संध्याकाळी विजय, लगेच देव कोरडे, असा कार्यक्रम आखलेला होता. कार्यक्रमात पराभवाची तरतूद नव्हती. आणि कुसुमताईंचा नेम असा, की देवांना गंध-फूल आणि नैवेद्य झाल्याशिवाय घरात पान वाढायचे नाही.

"गंध लावावं तर विरघळतं. नैवेद्य दाखवावा तर पाण्याखालून त्यांना दिसायचा कसा? कालपासून तुम्हीही उपाशी, मीही. मला सवय आहे."

"मला नाही ना!"

"मग जिंकून या."

पुढची स्पर्धा पुढच्या वर्षी होती.

भगवंतराव बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे उस्मानिया बिस्किटांचा ताजा घाणा निघाला होता. पण देव पाण्यात आणि चिटणीस बिस्किटात, असे दृश्य वसाहतीने पाहिले असते तर मंडळाची शिस्त कोसळली असती. ते नाक दाबून पुढे गेले आणि थेट मंडळाचे अध्यक्ष एकनाथराव यांच्या घरी पोहोचले. तिथे आधीच सगळे सभासद जमले होते. मंडळाच्या आवाहनानुसार प्रत्येकाचे देव पाण्यात होते, आणि प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी नेमाचे होते.

पुण्याहून इथल्या संगणक कंपनीत आलेला कौस्तुभ हा मंडळाचा सर्वांत आधुनिक सभासद. तो म्हणाला, "काका, निकाल बदलता येत नाही. मांडणी बदलता येते. आमच्या कंपनीला गेल्या साली तोटा झाला. आम्ही त्याला 'पुढे ढकललेला नफा' म्हटलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या."

"मग ह्याला काय म्हणायचं?" एकनाथरावांनी क्षीण आवाजात विचारले.

"नैतिक विजय."

कोणाचे तरी पोट वाजले. ते अनुमोदन समजण्यात येऊन ठराव मंजूर झाला: 'आपला संघ एका गोलाने हरला असला तरी नैतिकदृष्ट्या विजयी झाला आहे. सबब सर्व देवांनी पाण्याबाहेर येण्यास हरकत नसावी.'

"देवांना मान्य आहे का हे?" ठराव घरी पोहोचताच कुसुमताईंनी विचारले.

भगवंतरावांनी घंगाळासमोर उभे राहून ठराव खणखणीत वाचला. थोडा वेळ वाट पाहिली. घंगाळातून हरकत न आल्याने ती नाही असे गृहीत धरण्यात आले. कुसुमताईंनी देव बाहेर काढले, मऊ पंच्याने टिपले, गंध लावले आणि वरणभाताचा कुकर चढवला.

नैवेद्य दाखवून झाला, भगवंतराव पाटावर बसले, आणि दार वाजले. खालच्या मजल्यावरचे नरसिंहुलु. खडू महामंडळाचे लेखापाल. हातात लाडवांचा डबा.

"लेओ साब, मुँह मीठा करो! हमारे भगवान भी पानी में बैठे थे. कल शामकोइच निकाले."

भगवंतरावांचा घास हवेतच थांबला. एका सामन्यात दोन विजय? हे कोणत्याच नियमात बसत नव्हते.

"नरसिंहुलुगारू," ते गंभीरपणे म्हणाले, "हमारा ठराव होगया. जीत हमारी है. आपके भगवान वापस पानी में रखना पडता."

"नक्को साब! उनो तो खाना खाके सो गए."

"उठाओ."

"झोपलेले देव उठवाल," मागून हळूच आवाज आला, "तर हे पान मी उचलीन."

भगवंतरावांनी पानाकडे पाहिले. वरणावर तूप पसरत होते.

दुपारी दोन्ही मंडळांची संयुक्त बैठक झाली. दोघेही जिंकले, यावर एकमत झाले. दोघांचे देव कोरडे राहावेत, यावरही झाले. पण मधोमध पराभव शिल्लक राहिला. तो एकनाथराव घेईनात, नरसिंहुलुही घेईनात. अखेर कौस्तुभनेच नव्या धोरणाचे सूत्र समजावले: नफा ज्याचा त्याला, तोटा सगळ्यांना. लाडू खात खात ठराव झाला, की सदर पराभव त्या रविवारी मैदानावर हजर नसलेल्या सर्व नागरिकांना समप्रमाणात वाटून देण्यात यावा. भगवंतराव घरी आले, पुन्हा पोटभर जेवले आणि चिंतन न करता झोपले.

ठरावाला मुदत नाही, तो अजून लागू आहे. तुम्ही त्या रविवारी मैदानावर होता का? नव्हता ना? मग हे वाचणे थांबवून आधी आपले देव पाण्यात ठेवावेत. विजय झाल्यावर काढावेत.

विजय कशाचा, ते यथावकाश कळवण्यात येईल.