साठ लाखांचा सुवर्णमध्य

निशिकांत सरपोतदार हे सिंगापूरमधल्या एका मराठी फोरमचे नियंत्रक होते, आणि आपण कोणाच्याच बाजूचे नाही याचा त्यांना भारी अभिमान होता. फोरम इंटरनेटच्या बाळपणातला. सगळं जग व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं तरी बुकित पंजांगच्या आपल्या फ्लॅटमधून त्यांनी तो जिवंत ठेवला होता, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर नियमावलीला कोणी विचारत नाही. नियम पहिला: भाषा नम्र असावी. दुसरा नियम काय होता, हे आता कोणालाच आठवत नसे.

एके दिवशी मरीन परेडच्या उद्धवरावांनी, म्हणजे बँकेतल्या मोठ्या साहेबांनी, सर्वांना सादर प्रणाम करून लिहिलं की हिटलरने साठ लाख ज्यू मारले ही निव्वळ थाप आहे, एकही मारला नाही. आधार म्हणून त्यांच्याकडे एक व्हिडिओ होता, आणि तो त्यांनी पूर्ण पाहिला होता. आपण फक्त प्रश्न विचारतो आहोत, चूकभूल द्यावी घ्यावी, असंही खाली होतं.

आता आली का पंचाईत! फोरमवर मोझेल पेणकर होत्या. मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मराठी तुमच्या-आमच्यापेक्षा चोख. त्यांच्या सासूबाई पोलंडच्या. लहानपणी त्या एकट्याच वाचल्या, घरची बाकी आठ माणसं छावणीत मारली गेली. मोझेलताईंनी फोटो दिले, युद्धानंतरच्या खटल्यांतल्या मारेकऱ्यांच्या कबुल्या दिल्या, सासूबाईंच्या भावंडांची नावं दिली. शेवटी लिहिलं की हे धादांत खोटं आहे, काढून टाका. माझी लेक अवनी हा फोरम वाचून मराठी शिकते.

निशिकांतरावांनी दोन्ही मजकूर नियमावलीशी ताडून पाहिले. एकात "प्रणाम" होता, दुसऱ्यात "धादांत खोटं" होतं. ताकीद मोझेलताईंना गेली.

बाई तरी ऐकेनात, तेव्हा दोघांनाही बोलावून हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, फोरमच्या समितीची बैठक बसली. कोपीचा, म्हणजे तिथल्या कॉफीचा, पहिला घोट घेऊन समितीतल्या सविताताई म्हणाल्या की टाळी एका हाताने वाजत नाही. हे वाक्य फार सोयीचं. ते म्हटलं की पुढे विचार करावा लागत नाही. निशिकांतराव पेशाने ऑडिटर. त्यांनी मांडलं की एक पक्ष साठ म्हणतो, दुसरा शून्य, तर तीस लाखांवर मिटवून टाकू. उद्धवराव आधी दहाच्या वर चढेनात. मंडळींनी फारच गळ घातली तेव्हा कुठे तीसला तयार झाले. केवढं मोठं मन माणसाचं! आता तेवढंच मोठं मन मोझेलताईंनी दाखवावं, असं सर्वानुमते ठरलं.

मोझेलताईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आमच्या घरच्या आठांपैकी चारच मेले. कोणते चार, तेवढं सांगा."

"ताई, समिती नावांत शिरत नाही," निशिकांतराव म्हणाले. "ते तुम्ही घरच्या घरी ठरवा."

मोझेलताई कोपी तशीच टाकून उठल्या. या उठण्यात कडवटपणा आढळल्याने त्यांना महिनाभर फोरमवर लिहायची बंदी झाली. ठराव झळकला, अभिनंदनं झाली. एवढा जुना प्रश्न एका बैठकीत सुटला म्हणून निशिकांतरावांना अंगावर मूठभर मांस चढलं.

मग अवनीने लिहिलं. पोरीने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पहिलंच मराठी.

"निशिकांतकाका, आजीचे चार माणसं मेले नाही असा तुम्ही ठरवलात. थँक यू. त्यांचा पत्ता द्याल का? आजी नव्वद वर्षाची आहे, तिला लवकर भेटायचा आहे."

 मजकूर काढायला निशिकांतरावांनी जन्मात पहिल्यांदाच नियमावलीत पळवाट शोधली. मिळेना. भाषा नम्र होती. लाज वाटली त्यांना, पण लाजेसाठी नियम नव्हता, म्हणून मजकूर तसाच राहिला.

मजकूर सगळ्या सभासदांनी वाचला. पत्ता कोणी दिला नाही. बहुतेकांनी खाली जोडलेल्या हातांचं चिन्ह तेवढं टाकलं. कोणी कोणी टाकलं त्यांची नावं तिथेच दिसतात. तुमचं तिसऱ्या ओळीत आहे.