आपल्यातलाच हाय कोणीतरी

लांजेवार सर माया टोपल्यावरून फुटाण्याची पुडी घेत, तवा पयले फुटाणे रुमालात रिकामे करत. मंग पुडीचा कागद उन्हात धरून वाचत. उलटा करून वाचत. नाकाले लावून वास घेत. आन् इचारत, "गयाबाई, हा कागद कोन्या कॉलेजचा हाय?"

"रद्दीचा हाय, सर."

"रद्दी कोणाची?"

आता मी शिकली दुसरी. मले काय माहीत कोन्या पोट्ट्याचा पेपर हाय तो? इतवारीच्या बाजारातून किलोनं रद्दी आणो मी. पण सरले वाटे, त्याइच्या टीमचा पलान लिवून, त्याच्यात फुटाणे बांधून, मी दुसऱ्या कॉलेजले पोचवून राहिली.

मी ज्या कॉलेजच्या गेटावर बसो, तिथं सर फुटबॉलचे असिस्टंट कोच होते. मी अशिष्टन म्हणो, पोट्टे हासत. सतरा-अठरा वर्सं असिस्टंटच राहिले. माया डोळ्यासमोर चार मोठे कोच आले आन् गेले. नवा माणूस आला का सर त्याले मैदान दाखवत, नळ दाखवत, दुपारी सावली कोन्या बाजूले पडते ते सांगत, आन् मंग त्याच्या दोन पावलं मागं जाऊन उभे राहत.

एकदा म्हटलं, "सर, तुमी कवा मोठे कोच होता?"

तं चारीकडं पाहून हळूच म्हणाले, "मोठा सगळ्याइले दिसते, गयाबाई. असिस्टंट कोणाले दिसत नाही. आपल्याले दिसाचं नाही, पाहाचं हाय."

आन् पाहाले जात बी. दुसऱ्या कॉलेजची प्रॅक्टिस पाहाले एकदा गवत्या बनून गेले. फाटकी बनियान, डोक्यावर गवताचा भारा. सगळं बरोबर होतं. फक्त गळ्यातली शिट्टी काढाची राहिली. तिथचे पोट्टे लायनीनं उभे राहून म्हणाले, "नमस्कार, लांजेवार सर!" वापस आले तं तोंड लालबुंद. म्हणाले, "खबर पयलेच पोचली होती. आपल्यातलाच हाय कोणीतरी."

हे त्याइचं ठरलेलं बोलणं. बॉलमधली हवा गेली, आपल्यातलाच हाय कोणीतरी. गोलकीपरले हगवण लागली, आपल्यातलाच हाय कोणीतरी. पाऊस आला तरी पयले माळ्याकडं पाहत.

मी मूळची कुहीकडची. धानाच्या बांधीत वाकून मोठी झाली. लगन होऊन नागपुरात आली. माये मालक मिलमधी कामाले होते. आमी दीक्षा घेतली त्याच्या दोन वर्सानं ते खोकल्यानं गेले. दोन पोरी, एक टोपलं. ठेसनावर बसली तं हाकललं. इतवारीत बसली तं हातगाडीवाल्यानं टोपल्यावरूनच गाडी नेली. मंग हे गेट भेटलं. कडुनिंब होता, नळ होता, पोट्टे होते. तिथंच बसली. ते गेट होतं म्हणून घरी चूल पेटे.

मले तिथं अकरा वर्सं झाले त्या साली आमचं कॉलेज फायनलले पोचलं खरं, पण लय रडतपडत. सरनं जो पलान करावा तो समोरच्याले पयलेच माहीत. एका मॅचले ठरलं होतं का कॉर्नरच्या टायमाले सारे डावीकडं पळतीन आन् बॉल जाईन उजवीकडं. तं समोरची अख्खी टीम उजवीकडं हात बांधून उभी. जसं काही बसची वाट पाहून राहिले.

शुक्रवारी सर टोपल्याजवळ आले. पुडी घेतली नाही.

"गयाबाई, साऱ्या कॉलेजचे पोट्टे तुयाकडं खातात."

"भूक का एकाच कॉलेजच्या पोट्ट्याइले लागते, सर?"

"आमी मैदानात बोलतो ते गेटावर आयकू येते."

"येते. मंग?"

"मंग काही नाही. सोमवारी फायनल हाय. याही टायमाले पलान फुटला, तं तुयं टोपलं गेटावर दिसाचं नाही. पिरन्सिपल साहेबाले सांगून ठेवलं मी."

मी म्हटलं, "सबूत?"

"सोमवारी भेटन."

घरी गेली, पोरीइले वाढलं. इचार केला, हा माणूस अकरा वर्सं माये कागद वाचून राहिला. एक डाव आपुन त्याले वाचून पाहू.

शनिवारी दुपारीच टोपलं गुंडाळलं आन् सरच्या मागं निंगाली. ते नंदनवन वस्तीत एका खोलीत राहत. सायकल होती, पण बसले नाही. हातानं लोटत चालले. मी डोक्यावर टोपलं घेऊन वीस पावलं मागं. साऱ्या गावावर नजर ठेवणारा माणूस, पण मागं वळून एक डाव बी पाह्यलं नाही.

पुलियाजवळ मले आवाज आला. पयले वाटलं कोणी संगं हाय. कोणी नव्हतं. सर बोलत होते. चांगल्या खड्या आवाजात, जसं मैदानात बोलतात तसं.

"चार नंबरले मागं ठेवाचं. सातनं पळाचं नुसतं, बॉल घ्याचा नाही. बॉल नऊले."

सायकलवाला पंचर काढता काढता पोट्ट्याले म्हणाला, "घे, आज चार नंबर मागं." पुढं पानठेला होता. तिथं सोमवारी ज्याइच्याशी फायनल होती त्या कॉलेजचे दोन पोट्टे पान चावत उभे. माये रोजचे गिऱ्हाईक. एकजण सिगरेटच्या पाकिटावर लिवून राहिला होता. सर त्याइच्या नाकासमोरून बोलत बोलत गेले. मले पाहून पोट्टे पान थुकून पळाले.

मी हाक मारली, "ओ सर!"

सर दचकले. "तू माया मागं काहून येऊन राहिली वं?"

"तुमी माया मागं लागले म्हणून. सबूत पाहिजे होता न तुमाले? भेटला. आपल्यातलाच हाय."

पानठेलेवाला खाली पाहून कात लावत होता. सरनं त्याले इचारलं, "मी... मोठ्यानं बोलतो का गा?"

तो म्हणाला, "वर्सं झाले, सर. आमाले वाटे तुमाले माहीत हाय."

सरनं सायकल स्टँडवर लावाले घेतली, ती पडली. उचलली नाही. ठेल्याच्या बाकावर बसले. मंग म्हणाले, "माय होती तं तिले सांगो. तिले आयकू येत नव्हतं, पण समोर बसे. ती गेल्यावर खोलीत बोलून पाह्यलं, गयाबाई. आवाज वापस येते. रस्त्यानं बोललं का जाते कुठंतरी."

"कुठं जाते ते पाह्यलं आता."

मी मनात धरलं होतं, का सबूत भेटला का सोमवारी सरळ पिरन्सिपल साहेबाकडं जाचं. मायं गेट वाचलं असतं. आन् याइची असिस्टंटकी त्याच दिवशी गेली असती. मी सायकल उचलून उभी केली. म्हटलं, "पलान बदलवा."

"बदलवीन. पण बोलल्याबिगर मायं डोकं चालत नाही न."

"मंग मले सांगत जा. मी एका जागी बसून राहतो."

त्याइनं माया तोंडाकडं पाह्यलं, जसं ते कागदाकडं पाहत. "आन् तू कोणाले सांगशीन?"

"मले फुटबॉलातलं काय समजते, सर?"

खोटं बोलली मी. अकरा वर्सं गेटावर बसून कोणाले बी समजन.

इतवारच्या दिवशी मैदान रिकामं होतं. सर आले, टोपल्याच्या पलीकडं बसले, लय वेळ चारीकडं पाह्यलं. कडुनिंबावर बी पाह्यलं. मंग सांगाले लागले, हळूहळू, बोटानं मातीत रेघा मारत. सगळं सांगून झालं का पायानं रेघा पुसल्या. जाताना म्हणाले, "बरं वाटलं वं."

सोमवारी आमचं कॉलेज एका गोलनं हारलं. पोट्टे रडून राहिले, मोठे कोच तोंड पाडून मोटारीत बसून गेले. आन् लांजेवार सर गर्दीतून धावत गेटावर आले. गोल झाला तवा होत नाही एवढा आनंद तोंडावर.

"गयाबाई! हारलो, पण फुटला नाही!"

मी म्हटलं, "मंग मी बसू का उठू?"

"बस वं बाई, बस!"

मंग सर रिटायर होतवर रोज येत गेले. मोठे कोच ते कधी झाले नाही. त्या सोमवारचा पलान काय होता, ते मले लय जण इचारतात, आता तं नातूबी इचारते. मी सांगत नाही. त्याइनं मले सांगतला होता.