जोडावरची रांगोळी

आमचे शेजारी नाना खिशात रांगोळीची पुडी बाळगतात. नाना वेल्डर आहेत. नसरापुरात माझ्या घराला लागून त्यांचं पत्र्याचं शेड आहे आणि गॅसच्या ज्योतीनं लोखंडी पाईप जोडणं हा त्यांचा धंदा. जोड निवला, पाणी सोडलं, की ते त्यावर चिमूटभर रांगोळी भुरभुरतात. केसाएवढी गळती असली तरी पांढऱ्यावर काळसर ठिपका उमटतो.

"जोड पावण्यावानी अस्तो," नाना म्हणतात. "वरनं लई ग्वाड, आतनं झिरपतोय."

जोडाचं शास्त्र ते मला कुजबुजत सांगतात. "दोन्ही तोंडं घासायची. मदी नखाएवढी फट. चार बाजूंनी चार टाके. मग ज्योत हलवत तार पाजायची, सावकाश. घाई केली की वरनं डोंगर आन् आतनं भोक." कुजबुज अशासाठी, की समोरचा चहावाला कान देऊन ऐकतो असा त्यांना संशय आहे. चहावाल्याला वेल्डिंग शिकून काय करायचंय, असं मी विचारलं.

"त्येच तर कळंना!"

एसटी वेळेवर आली, तर चढण्याआधी ते कंडक्टरला विचारतात, "कालची तर न्हाई?"

मागे एका गावात पाणीयोजनेचं उद्घाटन झालं. हार, फेटे, तुतारी, सगळं होतं. पाणी तेवढं यायचं होतं. साहेब थेंब न् थेंब वाचवण्याची शपथ देत होते, तेव्हा नाना व्यासपीठामागच्या पाईपवर रांगोळी टाकून आले. "भाषान संपायच्या आत बूट भिजत्याल," मला म्हणाले. भिजले.

अशा माणसाचा स्वतःचा जोड कधी गळाल्याचं ऐकिवात नाही. तरी विंझरच्या एका घरातला एकच जोड तपासायला ते दर महिन्याला जातात. नक्की काहीतरी बिघडवून झाकत असणार, असं मला वाटू लागलं. संशय संसर्गजन्य असतो. एकदा मी म्हणालो, "चला, गाडीवर सोडतो."

"तुमचं काय काम?"

"सहज."

"सहज कोन विंझरला जातं?" म्हणत ते मागे बसले.

वाटेत नानांनीच सांगितलं. घर त्यांच्या धाकट्या बहिणीचं, कमळताईंचं, निघालं. भाचीच्या लग्नात दाजी व्याह्यांना मोठ्या रुबाबात नवी पाण्याची टाकी दाखवत होते. नानांनी सगळ्यांदेखत तिच्या पाईपवर रांगोळी टाकली. ठिपका उमटला. दुसऱ्या दिवशी नानांनीच तो जोड नव्यानं मारून दिला, पण दाजींनी सुनावलं, "हितनं पुढं काम असंल तरच दारात यायचं."

"म्हनून काम काढावं लागतंय," मागून आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा, "आता ते प्लास्टिकचा पाईप टाकनार म्हनं. मग मी काय बघायला जायचं?"

दाजी ओसरीवर बसले होते. 'या' म्हणाले नाहीत. कमळताई दारात उभ्या राहिल्या. नानांनी जोड पुसला, रांगोळी टाकली, वाकून पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. पांढरी ती पांढरीच. गळतंय म्हणायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

"कोरडा हाय," ते म्हणाले. जोडाबद्दल खोटं त्यांना बोलवेना. मग हात धुवायला परसात गेले.

दाजी उठले. माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं, बादलीत बोटं बुडवली आणि जोडावर पाणी शिंपडलं.

"ओ नाना! वलं दिसतंय की. बघा जरा."

नाना आले. गळणारं पाणी खालच्या अंगाला दिसतं. हे ठिपके सगळे वर होते. त्यांनी ठिपके पाहिले, मग दाजींची निथळणारी बोटं पाहिली.

"व्हय," नाना म्हणाले. "गळतंय खरं."

"एका दिवसाचं काम न्हाई ह्ये," दाजी पाईपकडे बघत म्हणाले. "आदी जेवून घ्या."

आतून ताटं काढल्याचा आवाज तोवर आलाही होता.